लेणी : कातळातील वस्ती आणि तिची व्यवस्था

(पांढरकवडा येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यास सहलीपूर्वी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली अभ्यास सहल लवकरच जुन्नर आणि नाशिककडे निघत आहे. तेथे काय पाहावे आणि कसे पाहावे, याविषयी चार शब्द सांगण्याचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले आहे. लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अजिंठ्याची चित्रे आणि वेरूळचे कैलास उभे राहते. जुन्नरला तसे काही दिसणार नाही. तेथे भिंतीवर बुद्धचरित्र रंगविलेले नाही, की शिल्पपटांची दाटी नाही. पुष्कळ ठिकाणी तर चार बोडक्या भिंती, एक दगडी ओटा आणि दाराशी पाण्याचे टाके एवढेच आढळते. म्हणूनच घाईने पाहणारा प्रवासी “येथे काही नाही” असे म्हणून अर्ध्या तासात परततो. पण प्रशासनाचे, शिक्षणाचे आणि गावकारभाराचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना शिकण्याजोगे तेथे जेवढे आहे, तेवढे क्वचितच अन्यत्र असेल.

“लेणे” हा शब्द “लयन” या संस्कृत शब्दावरून आला. लयन म्हणजे विसाव्याची जागा, निवारा, घर. प्राचीन प्राकृत लेखांत “लेण” हा शब्द याच अर्थाने येतो. तेव्हा ही घरे आहेत, हे आधी ध्यानात घेऊ. घर म्हटले की त्यात राहणारी माणसे आली, त्यांचे पाणी, जेवण, अंथरूण-पांघरूण आले, आणि या साऱ्याचा खर्चही आला. तो खर्च कोण करीत होते आणि कशा रीतीने करीत होते, हा प्रश्न मनात ठेवून आपण ही सहल करावी, अशी माझी विनंती आहे.

काळा पाषाण

ही घरे कोरली गेली तो पाषाण आपल्याला परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरांवर थर बाहेर पडले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांनी व्यापला. तोच बेसॉल्ट, आपल्या बोलीतला काळा दगड, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही आहे. २०२१ साली झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी येथे रस्त्याचे काम चालू असताना दगडाचे षट्कोनी खांब उघडे पडले होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एखाद्या जुन्या मंदिराचे अवशेष असावेत, असा कोणाचाही समज व्हावा इतके ते रेखीव आहेत. प्रत्यक्षात लाव्हारस थंड होताना आकसला आणि त्याला नियमित भेगा पडल्या, त्यातून हे खांब निसर्गतःच घडले.

सह्याद्रीत हेच थर एकावर एक आडवे रचलेले आहेत. काही थर कठीण व एकसंध, तर काही मऊ व भुसभुशीत. डोंगराच्या कड्यात एकसंध थर पाहून त्यात लेणे कोरीत, म्हणजे खांबाशिवायही छत टिकून राही. कोरण्याचे काम वरून खाली चाले. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. त्यामुळे उंच परातीची गरज उरत नसे. अर्धवट सोडलेल्या लेण्यांत हा क्रम स्पष्ट दिसतो. म्हणून अपूर्ण लेणे दिसले तर ते टाळून पुढे जाऊ नये. पूर्ण झालेल्या लेण्यापेक्षा कामाची रीत तेच अधिक सांगते.

पहिला दिवस : नाणेघाट आणि तुळजा लेणी

जुन्नरच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर नाणेघाट आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतून देशावर येणारा माल याच घाटाने वर चढे. घाटमाथ्यावर एक मोठे चौकोनी लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्याशी निगडित दीर्घ लेख आहे. केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण यांचे आकडे त्यात नोंदविले आहेत. भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी काही अंक येथे पाहावयास मिळतात. गणिताच्या शिक्षकांनी ते अवश्य न्याहाळावेत. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज तेथे वरची नावे आणि खालची पावले तेवढी उरली आहेत. घाटाच्या तोंडाशी एक प्रचंड दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा करीत, अशी परंपरागत समजूत आहे.

जुन्नरला लेणी एवढ्या संख्येने का झाली, याचे उत्तर या घाटात मिळते. घाट चढून आलेला व्यापारी तांडा जेथे विसावे, ते हे नगर. नगराभोवतीच्या शिवनेरी, तुळजा, लेण्याद्री आणि मानमोडी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव कामे आहेत. त्यांपैकी बहुतेक इसवी सनापूर्वीचे पहिले शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक या काळातील आहेत. बौद्ध भिक्षूंना वर्षभर फिरते राहण्याचा नियम होता, परंतु पावसाळ्यात एका जागी वास करावा लागे. त्या वर्षावासासाठी नगरापासून दूर, तरी भिक्षेला जाता येईल इतक्या जवळ निवारा हवा होता. या डोंगरांनी ही सोय केली.

परतीच्या वाटेवर, नगराच्या पश्चिमेस तुळजा लेणी लागतात. येथील चैत्यगृह आकाराने गोल आहे. मधोमध स्तूप, त्याभोवती बारा साधे अष्टकोनी स्तंभ आणि वर घुमटाकार छत. चैत्यगृह म्हणजे पूजेची जागा आणि विहार म्हणजे राहण्याची जागा, एवढा भेद लक्षात ठेवला तरी पुढील सारी लेणी ओळखता येतात. शेजारच्या एका खोलीत पुढे तुळजादेवीची स्थापना झाली आणि लेण्यांना तिचे नाव मिळाले.

दुसरा दिवस : लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी

सकाळी लेण्याद्री. सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेले की आपण सातव्या क्रमांकाच्या लेण्यात प्रवेश करतो. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपतीचे हे स्थान. दर्शन झाल्यावर थोडे थांबून सभोवार पाहावे. हे प्रशस्त दालन मुळात एक विहार आहे. मध्ये एकही खांब नाही, आणि तीन बाजूंस भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. प्रत्येक खोलीच्या दाराशी लाकडी चौकट बसविण्याच्या खाचा शोधाव्यात; त्या सापडल्या की येथे माणसे राहत होती हे शब्दाने सांगावे लागत नाही. एका धर्माचे निवासस्थान दुसऱ्या परंपरेचे तीर्थ झाले, आणि त्यामुळे या लेण्यात माणसांचा राबता चालू राहिला.

शेजारचे सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिलेले आहे. त्याने आपल्या लेखात वडिलांचा उल्लेख “हेरणिक” असा केला आहे. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा. राजाचे नाव येथे कोठेही नाही. जुन्नरच्या लेखांचा हा विशेष आपण दिवसभर अनुभवणार आहोत.

दुपारी मानमोडीच्या डोंगरावर जावे. त्यावर लेण्यांचे तीन गट आहेत. भूत लेण्यांतील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कमळाच्या पाकळ्यांत लक्ष्मी कोरलेली आहे, आणि चंद नावाच्या यवनाने हे दान दिल्याचा लेख तेथे आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. भीमाशंकर गटात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने एक मंडप व एक पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. वर्ष ४६ दिलेले आहे. ते शककालगणनेचे मानल्यास इ. स. १२४ च्या सुमाराचे ठरते. म्हणजे एका अधिकाऱ्याच्या नावावर सुमारे १,९०० वर्षे टिकलेले काम आहे, आणि ते पाणीपुरवठ्याचे आहे.

तिसऱ्या, अंबा-अंबिका गटात एक चैत्यगृह अपूर्ण राहिले आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर मात्र अनेक दानलेख आहेत. त्यांतून शेते, झाडे आणि ठेवी यांची माहिती मिळते. आडुथुम नावाच्या एका शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने आणि वडासाठी ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न एका श्रेणीकडे सोपविले. निवर्तन हे जमिनीचे तत्कालीन माप आणि श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. जुन्नरच्या लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि टाके स्वतःच दान दिले.

सायंकाळी शिवनेरी. १६३० साली छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म ज्या गडावर झाला, त्याच्या कड्यांत गडाहून कितीतरी जुनी लेणी आहेत. येथे इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, तर चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. वीरसेनक नावाच्या एका गृहस्थाने चैत्यगृह दिले आणि ते सर्व लोकांच्या हितसुखासाठी असल्याचे लेखात नमूद केले. आपण शासकीय योजनांच्या प्रास्ताविकात ज्या अर्थाचे शब्द लिहितो, त्याच अर्थाचे हे शब्द एका साध्या गृहस्थाने दगडावर लिहविले आहेत.

टाक्यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. प्राचीन लेखांत त्यांना “पोढी” म्हणतात. दर्शनी कड्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी कोरलेल्या पन्हळींनी टाक्याकडे वळविलेले असे. टाक्याचे तोंड लहान आणि आतला पोकळ भाग मोठा, त्यामुळे ऊन कमी लागे व पाणी कमी आटे. नदी खाली आणि वस्ती वर, अशा ठिकाणी चार महिन्यांच्या पावसावर वर्ष काढण्याची ही सोय आहे. जलसंधारणाचे काम करणाऱ्यांनी एका टाक्याची मापे घेऊन त्यात किती पाणी मावत असेल याचा हिशेब जागेवरच करावा, आणि शिक्षकांनी तोच हिशेब परतल्यावर वर्गात मांडावा.

तिसरा दिवस : नाशिकचा जमाखर्च

आता आपण जुन्नर सोडून उत्तरेस नाशिकला येतो. मुंबई रस्त्यावर त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा या लेण्यांशी संबंध नाही. कर्त्यांची नावे विसरली गेली की लोक मोठे काम पांडवांच्या नावावर घालतात, अशी उदाहरणे महाराष्ट्रात जागोजाग आढळतात. येथील कर्ते मात्र भिंतीवरच आपली नावे सांगत आहेत.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेणे तर दिलेच, शिवाय ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावयाचे. हिशेब करून पाहा : २,००० वर वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिले तर २४० च लागतात. एकाही नाण्याची तफावत नाही. दुसऱ्या ठेवीचे व्याज भिक्षूंच्या किरकोळ खर्चासाठी होते. हा सारा व्यवहार नगरसभेत ऐकविण्यात आला आणि नोंदवहीत दाखल झाला, असेही लेखात म्हटले आहे.

आपण कापसाच्या मुलखातले लोक आहोत, म्हणून या नोंदीतील एक गोष्ट आपल्याला विशेष जवळची वाटेल. भिक्षूंच्या वस्त्रांचा पैसा विणकरांच्या धंद्यात गुंतविलेला होता. त्यामुळे विणकराला भांडवल मिळाले, भिक्षूला वस्त्र मिळाले आणि दात्याच्या पश्चात काम चालू राहण्याची तरतूदही झाली. आपण इमारत बांधतो आणि तिच्या देखभालीचा विचार पुढच्या अंदाजपत्रकावर सोडतो. उषवदाताने दोन्ही गोष्टी एकाच लेखात नोंदविल्या.

याहून महत्त्वाचा लेख तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा तेथे कोरलेली आहे. गोवर्धनचा अमात्य सामक याला राजा आणि राजमाता कळवितात की, कखडी गावात भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि गावातही वस्ती उरलेली नाही. तरी नगराच्या सीमेवरील आमच्या मालकीच्या जमिनीपैकी १०० निवर्तने भिक्षूंना देण्यात यावीत. मित्रहो, कागदावर दान झाले होते. नोंद पूर्ण होती. कोणी तक्रार केली नसती तर दप्तरी ते शेत भिक्षूंचेच राहिले असते आणि भिक्षू मात्र उपाशी राहिले असते. दिलेले शेत पिकते की नाही, याची कोणीतरी चौकशी केली, ती वर कळविली आणि वरून चूक दुरुस्त करणारा हुकूम निघाला. या सहलीत आपल्याला एकच लेख वाचता आला, तर तो हा वाचावा, असे मी सुचवीन.

आज काय दिसते

एवढे सारे पाहून झाल्यावर दुसरी बाजूही दिसतेच. श्रेणी मोडल्या, व्यापाराच्या वाटा बदलल्या, भिक्षूंचा राबता थांबला. दगड उरला, पण पन्हळी बुजल्या, टाक्यांत गाळ साचला आणि पाणी भिंतींतून झिरपू लागले. ज्या भिंतीवर दात्यांनी नावे कोरविली, तिच्याच शेजारी आजचे प्रवासी खिळ्याने नाहीतर रंगाने आपली नावे लिहितात. दात्याच्या नावाखाली त्याने काय दिले ते लिहिलेले आहे. या नव्या नावांखाली लिहिण्यासारखे काहीच नाही.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ खाली संरक्षित स्मारकाची हानी करणे गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे, व त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्र अधिनियम आहे. संविधानातील अनुच्छेद ५१-क ने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. तथापि एका पहारेकऱ्याने चार डोंगरांवर नजर ठेवणे शक्य नसते. राखण खरी होते ती शेजारच्या गावाकडून.

परतल्यावर

तुम्ही विचाराल, जुन्नर-नाशिक दूर, तेथल्या राखणीशी आमचा काय संबंध? म्हणून शेवटी जवळचे ठिकाण सांगतो. वणीहून पुढे वर्धा नदी ओलांडली की आपण चंद्रपूर जिल्ह्यात येतो. तेथे भद्रावती, म्हणजे जुने भांदक, आहे. गावाजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगरात सरळ आत जाणारा लांब बोळ, त्याला काटकोनात आणखी बोळ, आणि टोकाच्या गाभाऱ्यात बसलेली भव्य बुद्धमूर्ती. जुन्नरहून अगदी वेगळा हा आराखडा आहे. १८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या लेण्यांची पाहणी करून वर्णन लिहिले. याच भांदकला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट मिळाला. आपल्या शाळांतील मुले सकाळी निघून संध्याकाळी घरी येतील इतक्या अंतरावर हे आहे. अकोला जिल्ह्यात पातूरला लेणी आहेत आणि अमरावती जिल्ह्यात सालबर्डीला आहेत.

तेव्हा परतल्यावर तीन कामे हाती घ्यावीत, असे मी सुचवितो. शिक्षकांनी प्रत्येक शाळेची एक सहल विजासनला न्यावी, पण आधी वर्गात आराखडा काढून आणि प्रश्न ठरवून. पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या शिवारातील जुनी मंदिरे, वीरगळ, बारव, शिलालेख यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ती नोंदवून ठेवावी. पडक्या देवळाचा घडीव दगड ओट्याला लावण्याची पद्धत थांबवावी. नांगरताना किंवा विहीर खणताना नाणी, ताम्रपट अथवा मूर्ती सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे, हेही गावात सर्वांना सांगावे. आणि अधिकारी बंधूंनी आपल्या कार्यक्षेत्रातील जे काम पूर्ण झाले असे दप्तर म्हणते, त्यांपैकी एक तरी काम वर्षातून एकदा जागेवर जाऊन पाहावे. कखडीचे शेत कसले जात नाही, हे कोणीतरी जाऊन पाहिले होते म्हणूनच ते राजाला कळले.

सहलीस निघताना प्रत्येकाने एक वही, एक मोजपट्टी आणि एक विजेरी बरोबर घ्यावी. आतल्या खोल्यांत उजेड फारसा नसतो, आणि लेख तिरप्या उजेडातच नीट दिसतात. लेखांना हात लावू नये, त्यावर खडू फिरवू नये. वाटेत पाण्याची बाटली रिकामी झाली तर ती खाली आणावी.